जुना तंबोरा : ओळख आणि डागडुजी



गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घाटनांदूरचा एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. खांद्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू होती. ओसरीवर ती अलगद ठेवून तो म्हणाला, “सर, आजोबांची वीणा आहे म्हणे ही. माळ्यावर सापडली. भंगारवाला दोनदा विचारून गेला. ठेवावी का देऊन टाकावी, तेवढं सांगा.”

लुगड्याची गाठ सोडली. ती वीणा नव्हती, तंबोरा होता. भोपळ्यावर धुळीचे पूट चढलेले, चारांपैकी एक खुंटी गायब, तार एकच उरलेली आणि तीही गंजलेली. घोडी सुटून लुगड्याच्या घडीत अडकली होती. वाद्य भारी किंमतीचे नव्हते. नक्षी अगदी बेताची. कुणा हौशी भजन्याने पैसा पैसा साठवून घेतलेला, साधा, शिकाऊ प्रतीचा तंबोरा तो. भंगारवाल्याच्या दृष्टीने त्यात जळाऊ लाकूड आणि चार तोळे पितळ, एवढेच होते.

आपल्या भागात अशी वाद्ये पुष्कळ घरी आहेत. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, देवळाच्या सभामंडपाच्या कोपऱ्यात, वाड्याच्या माळ्यावर ती पडून असतात. म्हणून आज आपण तीन प्रश्नांचा विचार करू. हे वाद्य नेमके कोणते, हे कसे ओळखावे? त्यात काय बिघडले आहे, हे कसे पाहावे? आणि त्यातले कोणते काम आपण घरी करावे व कोणत्या कामाला हात लावू नये? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण न वापरल्याने वाद्याचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान अर्धवट माहितीच्या दुरुस्तीने होते.

प्रथम ओळख. लांब दांडी आणि खाली भोपळा दिसला की लोक त्याला सतार म्हणतात किंवा वीणा म्हणतात. सतारीच्या दांडीवर धातूचे वाकवलेले पडदे बांधलेले असतात. तंबोऱ्याच्या दांडीवर पडदे नसतात. ती वरपासून खालपर्यंत गुळगुळीत असते. दांडीवर दोऱ्याने आवळल्याचे व्रण ठराविक अंतरावर दिसले, तर ती पडदे निघालेली सतार असण्याचा संभव आहे. वारीत आणि हरिनाम सप्ताहात वीणेकरी जी वीणा गळ्यात अडकवून उभा राहतो, ती आकाराने लहान असते. तंबोरा बसून, उभा धरून किंवा आडवा मांडीवर घेऊन वाजवायचा. पुरुषाच्या आवाजाचा तंबोरा उभा केला तर सुमारे पाच फूट भरतो. बायकांच्या आवाजाचा त्याहून आखूड असतो.

आता त्याचे अवयव पाहू. खालचा गोल भाग म्हणजे भोपळा. हा खरोखरच भोपळा असतो, बरे का! खाण्याचा नव्हे, कडू जातीचा. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची किंचित फुगीर झाकणी बसवलेली असते, ती तबली. भोपळा आणि दांडी जोडणारा भाग तो गळा. तबलीच्या मध्यावर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. तारांचे खालचे टोक जिथे अडकवतात ते लंगोट, आणि घोडी व लंगोट यांच्या मध्ये प्रत्येक तारेत ओवलेला एकेक मणी. वरच्या टोकाला चार खुंट्या. त्यांच्या खाली दोन अरुंद पट्ट्या असतात. एका पट्टीतील भोकांतून तारा ओवून येतात आणि दुसरीवर टेकून पुढे घोडीकडे जातात. एवढ्यात तंबोरा संपला. यात यंत्र असे काही नाही. जे आहे ते सगळे लाकूड, भोपळा, सरस, तार आणि सूत.

वाद्य कुठले व कोणत्या प्रतीचे, हेही थोडे ओळखता येते. गळ्याजवळ किंवा तबलीवर कारागिराच्या नावाची चिठ्ठी अथवा लहान पट्टी आहे का, ते पाहावे. ती फाटकी असली तरी काढू नये. वाद्याची ती जन्मपत्रिका असते. भोपळा खरा की लाकडाचा, हे पाहायचे तर तडा गेलेल्या जागी पाहावे. खऱ्या भोपळ्याची कड फिकट आणि तंतुमय दिसते, आणि त्याचा गोलवा कधी अगदी नेमका नसतो. कडेची पांढरी नक्षी बोटाला गुळगुळीत, एकसारखी आणि सपाट रंगाची लागली तर ती बहुधा सेल्युलॉइडची किंवा प्लास्टिकची. जुन्या, भारी वाद्यांत हस्तिदंत किंवा सांबराचे शिंग वापरलेले आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी अशा वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे, तेव्हा तसे काही वाटले तर खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नये. आमच्या विद्यार्थ्याच्या तंबोऱ्याला नक्षी प्लास्टिकची होती आणि गळ्यावर अर्धवट फाटलेली चिठ्ठी होती. तिच्यावरचे एकच अक्षरचित्र नीट लागले : मिरज.

मिरजेचे नाव येणे स्वाभाविकच होते. सांगली जिल्ह्यातील या गावात सतार आणि तंबोरे बनविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मूळचे हे कारागीर शिकलगार. म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारांचे काम कमी झाले. तेव्हा, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यदुरुस्तीकडे व मग वाद्य बनविण्याकडे हात वळवला, असे तेथे सांगतात. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा सुराचा अत्यंत काटेकोर गवई मिरजेत येऊन राहिला. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबरही मिरजेतच आहे. असा कानाचा माणूस शेजारी असला की कारागिराचा हातही तयार होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आणखी एक गोष्ट मला आपल्या भागाच्या दृष्टीने मौजेची वाटते. या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूरच्या परिसरातील रानांतून येतात. म्हणजे ज्या वाटेने आपली मंडळी विठोबाला जातात, त्याच वाटेवर हे वाद्य वेलीवर पिकते. शेतकरी फळ वेलीवर पक्के होऊ देतो, मग ते उन्हात खडखडीत वाळते. कारागीर ते पाण्यात भिजवून मऊ करतो, तोंड कापतो, आतला गर व बिया खरवडून काढतो आणि पुन्हा वाळवतो. त्यानंतर त्यावर गळा, तबली आणि दांडी चढते.

आता बिघाड पाहू. पहिले काम धूळ काढण्याचे. कोरडे, मऊ, सुती फडके घ्यावे. कोपऱ्यांसाठी रंगाचा मऊ कुंचला. ओले फडके लावू नये. जुन्या वाद्याचे पॉलिश चपडा लाखेचे असते, त्याला पाणी लागले की पांढुरके डाग पडतात. सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस ओलाव्याने सुटतो. रॉकेल, स्पिरिट आणि गोडेतेल यांचीही हीच गोष्ट. आपल्याकडे लाकडी वस्तू दिसली की तेलाचा हात फिरवायची सवय आहे. नांगराला, बैलगाडीला ते चालते. तंबोऱ्याला चालत नाही.

धूळ पुसताना कुठे बारीक छिद्रे आणि त्यातून पडणारा पिठासारखा भुसा दिसतो का, ते पाहावे. तसे असेल तर कीड लागली आहे. असे वाद्य इतर लाकडी वस्तूंपासून दूर ठेवावे आणि कारागिराला दाखवावे.

दुसरे काम ठोकून पाहण्याचे. कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो ना, तशीच टिचकी बोटाच्या पेराने तबलीच्या कडेने, गळ्यावर आणि भोपळ्यावर मारत जावी. जिथे सांधा घट्ट आहे तिथे आवाज भरीव येतो. जिथे सुटला आहे तिथे फटफट असा फुटका आवाज येतो. त्या जागी पेन्सिलीने हलकी खूण करावी. भोपळ्याचा एखादा तुकडा निघाला असेल तर तो, कितीही लहान असो, कागदाच्या पुडीत बांधून वाद्याबरोबर ठेवावा. कारागीर तोच तुकडा परत बसवू शकतो. बाजारातील झटपट चिकटणारे द्रव्य मात्र वापरू नये. सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा उघडता येतो, नीट बसवता येतो. झटपट द्रव्याचा सांधा वाकडा बसला तर वाकडाच राहतो, आणि पुढे उघडायला गेले की लाकूडच फाटते.

तिसरे, खुंट्या. तार चढवली की खुंटी सर्रकन मागे फिरते, ही तक्रार नेहमीची. शिक्षकबंधूंना यावरचे औषध हाताशीच आहे : फळ्यावरचा खडू. खुंटी बाहेर काढावी, तिचा भोकात बसणारा भाग कोरड्या फडक्याने पुसावा, त्यावर खडू घासावा आणि खुंटी पुन्हा आत दाबत फिरवावी. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकते. तेव्हा जोर करू नये, दांडीला तडा जातो. हवा कोरडी होईपर्यंत थांबावे. हरवलेली खुंटी गावचा चांगला सुतार करू शकतो. त्याला दुसरी खुंटी नमुना म्हणून द्यावी आणि एकच गोष्ट बजावावी : भोक मोठे करायचे नाही, खुंटी तासून भोकाला बसवायची. आमच्या तंबोऱ्याची चौथी खुंटी अशीच एका सुताराने शिसवीच्या तुकड्यातून करून दिली. जुन्या तीन खुंट्यांशेजारी ती रंगाने जरा वेगळी दिसते, पण तार धरून ठेवते.

चौथे काम तारांचे. जुनी तार कितीही गंजलेली असली तरी नवी मिळेपर्यंत टाकू नये. तिच्या जाडीवरूनच दुकानदार नवी देतो. सामान्यपणे मधल्या दोन तारा, म्हणजे षड्जाची जोडी, पोलादी असतात आणि शेवटची खर्जाची तार जाड पितळी असते. पहिली तार पंचमाची. ती काही तंबोऱ्यांत पोलादी, तर काहींत पितळी असते. बहुतेक तंबोऱ्यांत घोडी तबलीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने ती जागेवर उभी राहते. म्हणून तारा बदलायच्या तर एकेक बदलाव्यात. सगळ्या एकदम सैल केल्या तर घोडी पडते आणि तिची नेमकी जागा सापडत नाही. घोडी आधीच सुटलेली असेल तर तबलीवरच्या पॉलिशवर तिच्या पायांचे ठसे शोधावेत. ते तिरप्या उजेडात बॅटरी धरली की दिसतात.

येथपर्यंतचे काम कुणीही धीराने करू शकेल. येथून पुढे मात्र थांबावे. का थांबावे, ते मी माझ्याच चुकीने सांगतो.

विद्यार्थिदशेत मी एक जुना तंबोरा स्वस्तात घेतला होता. घोडीच्या वरच्या पृष्ठावर तारांनी बारीक चऱ्या पाडल्या होत्या. मला वाटले, हे खडबडीत झाले आहे, घासून साफ करावे. पॉलिशपेपर घेतला आणि अर्ध्या तासात घोडी आरशासारखी सपाट केली. तारा चढवल्या, छेडल्या, आणि तंबोरा मुका झाला! म्हणजे आवाज येत होता, पण तो ताणलेल्या दोरीसारखा ठण् ठण्. ती गुंजन, ती आस कुठेच नाही. पुढे एका कारागिराने ती घोडी हातात घेऊन पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “हे कुणी केलं?” मी खरे सांगितले. त्याने घोडी बाजूला ठेवली आणि नवी बसवावी लागेल म्हणाला.

त्या पृष्ठाला जवारी म्हणतात. वरवर पाहता घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो तसा नसतो. त्याला अगदी हलका उतार-फुगवटा दिलेला असतो. तार हलते तेव्हा त्या फुगवट्याला ती पुनःपुन्हा स्पर्श करते आणि सुटते. त्या स्पर्शातून मूळ सुराबरोबर वरचे अनेक उपस्वर जागे होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज एकाएकी खुलतो. हा दोरा सरकवणे आपण करावे. शिवणाचा साधा सुती दोराही चालतो. पण फुगवटा घडवणे हे कानसेचे आणि कानाचे मिळून काम आहे. कारागीर दोनदा कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा दोनदा फिरवतो. हे पुस्तकातून येत नाही.

आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने यासंबंधी एक गोष्ट सांगितली, ती शिक्षकांना उपयोगी पडेल. साधी ताणलेली तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत, असा ध्वनिशास्त्राचा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याचा अभ्यास केला आणि १९२१ साली त्यावर निबंध लिहिला. त्याचे मूळ त्यांना या वक्र घोडीत सापडले. ज्या रामनांना पुढे १९३० साली प्रकाशावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांना कुणा शिकलगाराच्या वंशजाने कानसेने घडवलेला हा उतार अभ्यास करण्याजोगा वाटला!

तेव्हा घोडीवर खोल चऱ्या असतील, गळ्याचा सांधा उघडला असेल, तबली खचली असेल, तर कारागिराकडेच जावे. जाण्यापूर्वी वाद्याची छायाचित्रे पाठवून खर्च विचारावा. तबली खचली आहे आणि दांडीही वाकली आहे, अशा वाद्याचा खर्च पुष्कळदा नव्या साध्या तंबोऱ्याइतका होतो. कारागीर तसे म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नये.

आमच्या तंबोऱ्याची दांडी सरळ होती. गळ्याचा सांधा मात्र एका बाजूने सुटला होता आणि जवारी झिजली होती. संक्रांत झाल्यावर तो विद्यार्थी आणि त्याचे वडील घाटनांदूर स्टेशनावरून निघाले. लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर करीत, गाड्या बदलत मिरजेला पोचले. भोपळा गोधडीत गुंडाळून वडिलांनी सारा प्रवास मांडीवर घेतला होता, तान्हे मूल घ्यावे तसा. महिन्याभराने वाद्य परत आले.

मग सूर लावणे आले. पेटीवर आपला षड्ज धरावा. पुरुषांना काळी एक, काळी दोन या सुमारास, बायकांना काळी चार किंवा पाच. आधी मधली जोडी त्या सुराला मिळवावी. दोन्ही तारा एक झाल्या की आवाजातील हेलकावा थांबतो. मग खर्जाची तार त्याच षड्जाच्या एक सप्तक खाली. शेवटी पहिली तार पंचमाला. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला ती मध्यमाला लावतात. खुंटीने सूर जवळ आणावा आणि शेवटची बारीक दुरुस्ती मण्याने करावी. मणी लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे सरकवला की उतरतो. तंबोरा खरोखर जुळला की एक चमत्कार ऐकू येतो. चार तारांत गंधार कुठेच लावलेला नाही, तरी खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो. तो ऐकू आला की समजावे, वाद्य लागले.

आम्ही त्यांच्या ओसरीवर हे करीत होतो तेव्हा घरातली म्हातारी आजी आत ज्वारी निवडत बसली होती. तंबोरा वाजू लागला तशी सुपाची सळसळ थांबली. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, “खर्ज उतरलाय की रे!” मी पुन्हा पाहिले. खरेच, खर्जाची नवी तार ताण घेऊन किंचित उतरली होती. नवऱ्याला जाऊन इतकी वर्षे झाली, घरात तंबोरा वाजला नाही, पण त्या बाईच्या कानात तो सूर जागेवर होता. नातवाने मणी सरकवला. आतून पुन्हा सुपाचा आवाज सुरू झाला.

आज कुणी म्हणेल, मोबाईलमध्ये तंबोरा मिळतो, मग ही यातायात कशाला? मोबाईलचा तंबोरा मीही वापरतो. प्रवासात तो सोयीचा आहे. पण तो आधीच जुळलेला असतो. मुलाने जोडीच्या दोन तारा स्वतः मिळवल्या, हेलकावा थांबलेला स्वतः ऐकला, म्हणजे त्याचा कान तयार होतो. हे शिक्षण जुन्या, साध्या, शिकाऊ तंबोऱ्यावरही तितकेच होते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. शाळेच्या खोलीत किंवा गावच्या देवळात असे वाद्य असेल तर या महिन्यात ते एकदा खाली काढा. कोरड्या फडक्याने पुसा, टिचकी मारून पाहा, काय शाबूत आहे आणि काय नाही याची वहीत यादी करा. त्याला जुन्या धोतराची का होईना एक गवसणी शिवा. पत्र्याच्या भिंतीला टेकवून उभे ठेवू नका. आपल्याकडच्या वैशाखात पत्रा तापतो आणि सरस सुटतो. घरातल्या आतल्या भिंतीशी, उन्हापासून आणि ओलीपासून दूर, आडवे ठेवा. आणि घोडीला पॉलिशपेपर लावू नका, एवढे माझ्यासाठी लक्षात ठेवा.